देणं पोचलं पाहिजे

राहती जागा आपल्यामागे गावच्या शाळेला द्यायची, असं तुम्ही दोघांनी ठरवलंत. छान केलंत. पण धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दानाचे कागद चाळता चाळता माझे केस पिकले, तेव्हा मावशीचं जरा ऐक. देणाऱ्याचं मन मोठं असतंच. घोडं अडतं ते दान पोचवताना.

पहिलं म्हणजे, शाळेला काही देता येत नाही. कायद्याच्या लेखी उभी असते ती शाळा चालवणारी संस्था. नोंदणीपत्रावर तिचं जे नाव आहे तेच मृत्युपत्रात अक्षरशः उतरव. नोंदणी क्रमांक आणि पॅनही घाल. ‘ज्ञान’, ‘प्रसारक’ आणि ‘मंडळ’ हे शब्द मागेपुढे करून एकेका तालुक्यात किती संस्था निघालेल्या असतात, ते मी पाहिलंय. मोघम नाव लिहिलंस की दोघी हक्क सांगायला येतात.

मग त्या संस्थेच्या शेड्यूल वनची, म्हणजे आमच्या कार्यालयातल्या तिच्या नोंदीची, नक्कल काढ. अर्ज केला की मिळते. त्यातली विश्वस्तांची नावं वाच. निम्मे विश्वस्त कधीच देवाघरी गेलेत, नव्यांची नावं नोंदवायचा अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, मंजूर नाही, आणि दोन गट एकमेकांच्या निवडणुकीवर हरकती घेत बसलेत, असं दिसलं तर थांब. तिथे तुझं दान पोरांपर्यंत जाणार नाही, आधी ते कोणत्या गटाच्या सहीनं घ्यायचं यावरच भांडण लागेल. संस्थेचे रंगीत अहवाल मी कधी मनावर घेतले नाहीत. चेंज रिपोर्ट मात्र हटकून विचारायची.

आता जागेचं. नुसती जागा संस्थेच्या पदरात टाकू नकोस. संस्थेला तालुक्याच्या गावात शाळा चालवायची आहे. पुण्यातल्या सदनिकेचा मेंटेनन्स, घरपट्टी, भाडेकरू हा व्याप तिनं कशाला सांभाळायचा? विकायची म्हटली, तर 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम 36 प्रमाणे आधी धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. ती तरतूद चांगलीच आहे, विश्वस्तांनी मोक्याच्या जमिनी कवडीमोलानं फुंकू नयेत म्हणून आहे. पण वेळ जातो आणि तोवर कुलूपबंद घराला वाळवी लागते. म्हणून असं लिही की व्यवस्थापकानं, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणायला तू नेमलेल्या माणसानं, जागा विकावी आणि येणी-देणी भागवून उरलेली रक्कम संस्थेला द्यावी. आकडा घालू नकोस, हिस्सा घाल: इतके टक्के शाळेला, इतके भाचीला. आजचे पाच लाख वीस वर्षांनी किती उरतील, ते तूच सांग.

जागा दोघांच्या नावावर आहे ना? मग तू फक्त तुझ्याच हिश्शाचं लिहू शकतोस. सूनबाईनं तिचं वेगळं मृत्युपत्र करायचं. दोन्हींत आधी मागे राहणाऱ्याला हयातभर राहण्याचा हक्क, आणि नंतरच दान. परोपकाराच्या भरात बायकोला उघड्यावर पाडणारे महाभाग मी पाहिलेत. तिच्या माहेरच्या म्हापशाच्या घराचं मात्र तिथल्या वकिलाला विचारा. गोव्यात कायदा वेगळा आहे. मुलं किंवा आईवडील असतील तर मृत्युपत्रानं निम्म्याच मिळकतीची वाट लावता येते.

आईच्या नावानं स्वतःचा ट्रस्ट काढायचा विचार असेल तर सोडून दे. दरवर्षी हिशेबतपासणी, सभा, इतिवृत्तं, आणि तुझ्यामागे विश्वस्त कोण होणार? एका सदनिकेच्या पैशांवर एवढा डोलारा पेलत नाही. त्यापेक्षा संस्थेतच तिच्या नावानं निधी ठेव. मुद्दल मोडायचं नाही, व्याजातून खर्च करायचा, एवढी एक अट पुरे. जास्त अटी घालू नकोस. जुन्या कागदांत मी ‘व्हर्नाक्युलर फायनलला पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यास’ ठेवलेली बक्षिसं पाहिलीत. परीक्षा बंद पडली, ठेव तशीच अडकली. शेवटी एक ओळ टाक: हे काम शक्य नसेल तर त्याच्या जवळच्या कामाला वापरावं, आणि ही संस्थाच नसेल तर अमुक दुसऱ्या संस्थेला द्यावं. जोतिराव फुल्यांनी 1887 च्या मृत्युपत्रात दत्तक मुलाला सगळं दिलं, पण तो लायक निघाला नाही तर पुढे काय, तेही लिहून ठेवलं. लिहायचं ते असं.

त्याच मृत्युपत्रात आपला देह न जाळता पुरावा, असंही त्यांनी लिहिलं होतं. 1890 मध्ये ते गेले तेव्हा घराच्या जागेत पुरायला नगरपालिकेनं परवानगी दिली नाही, दहनच करावं लागलं. तुला देहदान करायचंय म्हणालास, म्हणून सांगते. ते मृत्युपत्रात लिहून भागत नाही. मृत्युपत्र उघडतात तोवर दिवस झालेले असतात, आणि डोळे तर काही तासांतच काढावे लागतात. वैद्यकीय महाविद्यालयाचा फॉर्म आजच भर आणि घरच्यांना तोंडी सांगून ठेव.

कागदाची बाजू सोपी आहे. तारीख घाल, दोन साक्षीदारांसमोर सही कर, त्यांनीही तुझ्यासमोर करावी. साक्षीदार तुझ्याहून तरुण असावेत, आणि दान घेणाऱ्या संस्थेपैकी कुणी नसावेत. स्टॅम्प ड्यूटी लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे करून टाक; सोबत डॉक्टरचा दाखला जोड. नातेवाईक कोर्टात गेले तर तोच कामी येतो. व्यवस्थापक म्हणून संस्थेचा विश्वस्त नेमू नकोस.

ठेवींना आणि शेअर्सना नॉमिनी लावलाय म्हणून निर्धास्त राहू नकोस. नॉमिनी मालक होत नाही. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शेअर्सबाबत तेच पुन्हा सांगितलं. मृत्युपत्रात एक आणि नॉमिनीच्या रकान्यात दुसरंच, असं असलं की भावंडांची तोंडं फिरतात. भावंडांना आत्ताच सांग. आल्फ्रेड नोबेलनं 1895 मध्ये वकिलाशिवाय मृत्युपत्र केलं आणि पैसे घेणारी संस्थाच तेव्हा अस्तित्वात नव्हती. तो 1896 मध्ये गेला. काही नातेवाईक भांडले, फाउंडेशन 1900 मध्ये उभं राहिलं, आणि पहिली पारितोषिकं मिळायला 1901 उजाडलं. त्याच्याकडे निस्तरायला नेटाचे व्यवस्थापक होते. आपल्याकडे कोण आहे?

आणि सगळं मरणावर कशाला ठेवायचं? 1985 पासून आपल्याकडे वारसांवर इस्टेट ड्यूटी नाही, म्हणजे मृत्युपत्रातल्या दानानं कर वाचत नाही. जुन्या पद्धतीनं विवरणपत्र भरत असशील तर सवलत हयातीतल्या दानालाच, तीही संस्था मान्यताप्राप्त असली तर, आणि रोखीनं दोन हजारांवर दिलेस तर तीसुद्धा नाही. यंदा चेकनं थोडे पैसे देऊन बघ. पावती वेळेत येते का, मागितल्यावर ताळेबंद दाखवतात का, पैसे ज्या कामाला दिले त्याच कामाला लागले का? सदनिका द्यायची की नाही, ते त्या अनुभवावर ठरव.

अमेरिकेतला तुझा भाऊही देणार म्हणतोय. तो भारतीय नागरिक असेल तोवर त्याचे पैसे विदेशी ठरत नाहीत. तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर संस्थेकडे विदेशी देणग्यांची नोंदणी, म्हणजे एफसीआरए, हवी. नसेल तर पैसे घेणं संस्थेच्याच अंगाशी येतं.

मृत्युपत्राची मूळ प्रत मात्र बँकेच्या लॉकरात ठेवू नकोस. लॉकर तुझ्या एकट्याच्या नावावर, त्याला नॉमिनी नाही. तुझ्यामागे तो उघडायला बँक जे कागद मागेल, त्यांतला पहिला आतच असेल.