वेव्ह हिल : वेतनाचा लढा की भूमीचा?

'स्टेशन' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आगगाडी उभी राहते. ऑस्ट्रेलियात मात्र 'कॅटल स्टेशन' म्हणजे मांसासाठी गुरे पाळण्याचे, हजारो चौरस किलोमीटर पसरलेले रान होय. नॉर्दर्न टेरिटरी या विभागातील 'वेव्ह हिल' हे असेच एक स्टेशन. तेथे १९६६ साली झालेला संप समान वेतनासाठी होता, असे पुष्कळदा सांगितले जाते. माझ्या मते हे अर्धेच सत्य आहे. ते कसे, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावयास हवे.

हा मुलूख गुरिंजी या आदिवासींचा. त्यांचे पाणवठे, शिकारीची राने, पूर्वजांच्या कथांशी निगडित स्थळे, सारे येथेच. १८८३ साली नॅट ब्यूकॅनन या गोऱ्या गुरेवाल्याने येथे स्टेशन उभारले. सरकारने जमीन भाडेपट्ट्याने दिली. गुरिंजींना कोणी विचारले नाही. कायद्याच्या लेखी ही भूमी कोणाचीच नव्हती! गुरांनी पाणवठे तुडविले, शिकार दुर्मिळ झाली. गुरांवर भाला टाकणाऱ्यांना बंदुकीने उत्तर मिळाले. अखेर स्वतःच्याच भूमीवर परक्याची चाकरी करणे एवढाच मार्ग उरला.

१९१४ साली हे स्टेशन वेस्टी या ब्रिटिश मांस-व्यापारी घराण्याकडे आले. गुरे हाकणे, डागणे, कुंपणे घालणे ही कामे गुरिंजी पुरुष करीत. स्त्रिया घरकाम करीत. मोबदला म्हणजे मुख्यतः पीठ, साखर, चहा, तंबाखू आणि खारे मांस. रोनाल्ड व कॅथरिन बर्न्ट या मानववंशशास्त्रज्ञ दांपत्याने १९४४ ते १९४६ या काळात वेस्टींच्या स्टेशनांची पाहणी केली. त्यांना निकृष्ट अन्न, मोडक्या पत्र्यांच्या झोपड्या आणि बालमृत्यूंचे मोठे प्रमाण आढळले.

मार्च १९६६ मध्ये वेतन-लवादाने आदिवासी गुराख्यांना समान वेतन मंजूर केले. पण मालकांच्या आग्रहामुळे अंमलबजावणी डिसेंबर १९६८ पर्यंत लांबविली. २३ ऑगस्ट १९६६ रोजी व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या नेतृत्वाखाली सुमारे २०० स्त्री-पुरुष व मुले स्टेशन सोडून चालू लागली. पुढल्या वर्षी त्यांनी वॉटी क्रीक, म्हणजेच दागुरागू येथे वस्ती केली. केवळ वेतनच हवे असते, तर कामगार अशा ठिकाणी कायमची घरे का बांधतील? एप्रिल १९६७ मध्ये त्यांनी गव्हर्नर-जनरलकडे अर्ज करून सुमारे ५०० चौरस मैल भूमी परत मागितली. ही मागणी फेटाळली गेली, तरी ते हटले नाहीत.

आपणांस 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा परिचित आहे. गुरिंजींचा दावा त्याहून निराळा होता. तो कष्टांवर नव्हे, तर भूमीशी असलेल्या पिढीजात नात्यावर आधारलेला होता. अशा दाव्यासाठी तत्कालीन कायद्यात जागाच नव्हती.

१६ ऑगस्ट १९७५ रोजी पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनी लिंगियारींच्या तळहातावर मूठभर माती ओतली व सुमारे ३,२३६ चौरस किलोमीटरांचा पट्टा त्यांच्या हाती दिला. १९७६ साली नॉर्दर्न टेरिटरीसाठी आदिवासी भूमिहक्क कायदा झाला. १९८६ साली दागुरागूच्या भूमीची कायम मालकी मिळाली. वेव्ह हिल स्टेशनवरील त्यांचा परंपरागत हक्क न्यायालयाने मान्य करावयास मात्र २०२० साल उजाडले. लिंगियारी १९८८ सालीच निवर्तले होते.

आता दुसरी बाजू पाहा. समान वेतन लागू झाल्यावर अनेक स्टेशनांनी आदिवासी कामगारांना काढून टाकले. काम गेले आणि त्याबरोबर त्या भूमीवरील वास्तव्यही गेले. न्याय्य वेतनाचे महत्त्व कमी नाही. पण वेतन देणारा ते बंद करू शकतो. गुरिंजींनी हे ओळखले होते, असे त्यांच्या अर्जावरून दिसते. म्हणून इतिहासाचा अभ्यास करताना संपाच्या कारणांपुढे 'वेतन' असे लिहून थांबू नये. संपकरी कोठे जाऊन राहिले, हेही पाहावे.