सब्जा, चिया आणि जखमेवरचा लेप

उन्हाळा लागला की दवाखान्यात हमखास प्रश्न येतो, "डॉक्टर, सब्जा चांगला की चिया?" पुण्यात मंडईच्या आसपास काष्ठौषधींच्या दुकानांत सब्जा वर्षानुवर्षे मिळत आला आहे. चिया आपल्याकडे अलीकडचा. मूळचा मेक्सिकोकडचा, आता म्हैसूर भागातही पिकतो. सब्जा हे तुळशीच्या एका जातीचे बी, तर चिया हे साल्व्हियाचे, म्हणजे इंग्रजीत ज्याला सेज म्हणतात त्या वनस्पतीचे. कूळ दोघांचे एकच.

शंभर ग्रॅम चियात सुमारे १६ ग्रॅम प्रथिने, ३० ग्रॅम स्निग्धांश, ३४ ग्रॅम चोथा आणि ६०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. आकडे भरघोस दिसतात. पण शंभर ग्रॅम खातो कोण? दोन चमचे म्हणजे जेमतेम दहा ग्रॅम. त्यातून साडेतीन ग्रॅम चोथा मिळतो, तो पोट साफ होण्यास उपयोगी. प्रथिने मात्र दीड ग्रॅम, तेव्हा डाळ-उसळ सोडू नये. यातला निम्म्याहून अधिक स्निग्धांश ओमेगा-३ प्रकारचा असतो. तो हवा असेल तर आपली जवसाची चटणी काही कमी नाही, आणि स्वस्तही पडते.

आता लेपाविषयी. गेल्या वर्षी माझे एक जुने मधुमेही रुग्ण पायाच्या अंगठ्याची जखम घेऊन आले. मी गोळ्या दिल्या, दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगला बोलावले. ते आले बारा दिवसांनी. या बियांनी जंतू मरतात असे त्यांच्या वाचनात आले होते, म्हणून गोळ्या बंद करून भिजवलेल्या सब्जाचा लेप चालू होता. अंगठा काळा पडला होता. तो काढावा लागला. चूक थोडी माझीही. "सब्जा चांगला, घेत जा," असे मीच त्यांना पूर्वी सांगितले होते. कशासाठी चांगला, ते सांगितले नव्हते.

त्यांनी वाचले ते खोटे नव्हते. प्रयोगशाळेत बियांचा अर्क काढतात, त्यात भिजवलेली कागदाची चकती जंतू वाढवलेल्या बशीत ठेवतात आणि भोवती जंतू किती मिलिमीटर वाढले नाहीत ते मोजतात. काही अर्कांनी जंतूंची वाढ रोखली जाते. पण तो अर्क दाट असतो, बशीत पू नसतो, साखर वाढलेले रक्तही नसते. घरी भिजवलेल्या बीवरचा बुळबुळीत थर म्हणजे मुख्यतः पाणी. आणि गंमत पाहा, २०१४ साली अमेरिका व कॅनडात अंकुरित चियाच्या पुडीतूनच साल्मोनेला जंतूंची साथ पसरली होती!

खाण्यास हरकत नाही. मात्र कोरडे बी कधीही तोंडात टाकू नये; ते अन्ननलिकेत फुगून अडकल्याची उदाहरणे आहेत. सब्जा दहा-पंधरा मिनिटे, चिया निदान अर्धा तास भरपूर पाण्यात भिजवावा. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी तिच्याबरोबर हे पाणी घेऊ नये, काही तासांचे अंतर ठेवावे. आणि मधुमेह्यांनी पायाची जखम, कितीही लहान असो, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.