लेकराचा श्वास मोजायला शिकूया



थंडी पडली की घरोघरी लेकरं खोकतात. बहुतेक वेळा ती साधी सर्दी असते, आठ-दहा दिवसांत जाते. पण काही लेकरांच्या फुप्फुसात जंतू वाढतात, तिथं पू आणि पाणी साचतं आणि श्वास पुरत नाही. हा न्यूमोनिया. कुणी याला डबा म्हणतं, कुणी पोट उडतंय म्हणतं. नाव काहीही असो, वेळेत ओळखला तर तो गोळ्या-औषधानं बरा होतो. उशीर झाला तर लेकरू हातचं जातं.

ओळखायचा कसा? श्वास मोजून. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९८० च्या दशकाच्या शेवटी गावातल्या कार्यकर्त्यांना आणि सुईणींना हेच शिकवलं. न्यूमोनियाचे बालमृत्यू कमी झाले. १९९० मध्ये हे काम 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. सुईणींना जमलं, तर आपल्यालाही जमेल.

श्वास असा मोजा

लेकरू शांत असू द्या. रडताना किंवा दूध पिताना मोजू नका. झबलं वर करा आणि पोटाकडे बघा. पोट एकदा वर येऊन खाली गेलं की एक श्वास. मोबाईलच्या घड्याळावर पूर्ण एक मिनिट मोजा. शंका वाटली तर पुन्हा मोजा. खोकला असताना श्वास एवढे भरले तर न्यूमोनिया समजा:

- २ महिन्यांच्या आतलं बाळ: ६० किंवा जास्त
- २ महिने ते १ वर्ष: ५० किंवा जास्त
- १ ते ५ वर्षं: ४० किंवा जास्त

असं दिसलं की त्याच दिवशी आशाताईंना सांगा आणि उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. २ महिन्यांच्या आतल्या बाळाला घरी ठेवायचंच नाही, थेट दवाखान्यात.

औषध घेऊन घरी आल्यावर

डॉक्टरांनी घरी पाठवलं म्हणजे काम संपलं नाही. खरं काम आता सुरू होतं.

१. अँटिबायोटिक सांगितलेले सगळे दिवस द्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप उतरतो, लेकरू खेळायला लागतं आणि आपण म्हणतो, राहू दे आता. पण जंतू अजून शिल्लक असतात. आजार उलटू शकतो. उरलेलं औषध शेजारच्या लेकराला देऊ नका. प्रत्येकाचा डोस वजनावर ठरतो.

२. अंगावरचं दूध चालू ठेवा, थोडं थोडं आणि वारंवार. ६ महिन्यांवरच्या लेकराला पेज, वरणाचं पाणी, मऊ खिचडी द्या. नाक चोंदलं असेल तर पाजण्याआधी साफ करा.

३. लेकराला चुलीच्या आणि बिडीच्या धुरापासून लांब ठेवा. धुरी देऊ नका. नाका-कानात तेल घालू नका, पोटाला चटके देऊ नका. दुकानातून खोकल्याचं औषध मनानं आणू नका.

४. रोज सकाळ-संध्याकाळ श्वास मोजा आणि कागदावर लिहा. आकडा कमी होत गेला, लेकरू नीट प्यायला लागलं, की औषध लागू पडतंय. तिसऱ्या दिवशी कागद घेऊन पुन्हा दाखवा.

यातलं एकही दिसलं तर थांबू नका

- श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातो
- लेकरू दूध-पाणी घेत नाही, किंवा घेतलेलं सगळं ओकतं
- झटके येतात, गळून जातं, हाक मारली तरी जागं होत नाही
- ओठ निळसर पडतात, कण्हल्यासारखा आवाज येतो

रात्र असली तरी १०८ ला फोन करा. ही गाडी फुकट असते. सकाळी बघू, बाजाराच्या दिवशी जाऊ, यातच घात होतो.

पैशांची सोय आधीच

'घरात पैसे नव्हते' हे उशिराचं नेहमीचं कारण. म्हणून गटानं आजच ठराव करावा: आजारपणाचं अंतर्गत कर्ज मासिक बैठकीची वाट न बघता द्यायचं. अध्यक्ष, सचिव आणि एक सदस्य यांनी मिळून द्यावं आणि पुढच्या बैठकीत इतिवृत्तात नोंद घ्यावी. कर्ज फिटतं, गेलेली वेळ परत येत नाही.

लसही विसरू नका. न्यूमोनियाच्या एका मोठ्या जंतूवरची पीसीव्ही लस २०२१ पासून देशभर सरकारी दवाखान्यात मोफत मिळते: दीड महिना, साडेतीन महिने आणि ९ महिने पूर्ण झाल्यावर. घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडेही लक्ष असू द्या. ताप-खोकल्यात धाप लागली किंवा ती असंबद्ध बोलू लागली तर तेही न्यूमोनियाचं लक्षण असू शकतं. दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर थुंकीची तपासणी करून घ्या.

पुढच्या बैठकीत करायचं काम: प्रत्येकीनं शेजारच्या झोपलेल्या लेकराचा श्वास एक मिनिट मोजून आकडा लिहून आणावा. लेकरू बरं असताना हात बसला, तर आजारी असताना आकडा चुकणार नाही.