अल्पांश वायूंचा माग

हवेचा जवळजवळ सारा भाग नायट्रोजन, ऑक्सिजन आणि आर्गॉन या तीन वायूंनी व्यापलेला आहे. उरलेल्या किंचित भागात अनेक वायू असतात. त्यांना अल्पांश वायू म्हणता येईल. त्यांचे प्रमाण नगण्य असले तरी परिणाम नगण्य नसतो. क्लोरोफ्लुरोकार्बन-११ हा वायू याचे बोलके उदाहरण होय. २०१७ च्या सुमारास हवेच्या एक लाख कोटी रेणूंमागे या वायूचे रेणू अवघे २३० च्या आसपास होते. तथापि सूर्याच्या अतिनील किरणांपासून जीवसृष्टीचे रक्षण करणारा ओझोनचा थर क्षीण करण्यास एवढा अंशही हातभार लावतो.

शीतकरणासाठी आणि प्लॅस्टिकचा फेस फुगविण्यासाठी हा वायू एके काळी विपुल प्रमाणात वापरला जात असे. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार त्याच्या उत्पादनावर टप्प्याटप्प्याने निर्बंध आले आणि २०१० पासून जगभर ते बंद व्हावे असे ठरले. परंतु नियमाचे पालन होते की नाही, हे पाहणार कोण? चोरून चालणाऱ्या प्रत्येक कारखान्याच्या दारी निरीक्षक पोहोचू शकत नाही. वारा मात्र सर्वांच्या दारांवरून वाहतो. त्याने आणलेली साक्ष वाचण्याचे एक साधन म्हणजे वातावरणाचे संगणकीय प्रतिमान.

प्रतिमानाची कार्यपद्धती

देवघरात लावलेल्या उदबत्तीचा वास ओसरीवर येतो. एखाद्या दिवशी तो अधिक आला, तर त्याची कारणे दोन असू शकतात : उदबत्त्या अधिक लावल्या असतील, अथवा मधले दार उघडे राहिले असेल. केवळ वासावरून निर्णय करता येत नाही. घरातील हवा कशी फिरते हेही ठाऊक असावे लागते. अल्पांश वायूंच्या अभ्यासातील मुख्य अडचण हीच आहे, आणि तिचे निराकरण करणे हे प्रतिमानाचे कार्य होय.

यासाठी पृथ्वीभोवतीचे वातावरण असंख्य काल्पनिक पेट्यांत विभागले जाते. प्रत्येक पेटीतील वाऱ्याची दिशा व वेग हवामानाच्या प्रत्यक्ष निरीक्षणांच्या आधारे निश्चित केलेले असतात. त्यानंतर काही मिनिटांच्या एकेका टप्प्याने संगणक हिशेब करीत जातो. आडव्या वाऱ्याने किती वायू शेजारच्या पेटीत गेला, गडगडाटी ढगांतील ऊर्ध्व प्रवाहाने किती वर उचलला गेला, लहानमोठ्या भोवऱ्यांनी किती मिसळला आणि उंचावरील स्थितांबरात सूर्यकिरणांनी किती नष्ट झाला, या साऱ्याचा जमाखर्च तंतोतंत जुळावा लागतो. एका पेटीतून गेलेला वायू दुसऱ्या पेटीत जमा झालाच पाहिजे.

या पद्धतीत एक दोष संभवतो. पेटीच्या एका कडेला शिरलेला वायू त्याच क्षणी सबंध पेटीत पसरला, असे गणितात धरले जाते. त्यामुळे धुराची अरुंद रेघ वास्तवापेक्षा अधिक फिकट व रुंद होते. पेट्या लहान केल्यास हा दोष कमी होतो. मात्र संगणकाचे श्रम वाढतात.

प्रतिमानाची परीक्षाही घ्यावी लागते. विजेच्या उपकरणांत वापरला जाणारा सल्फर हेक्साफ्लोराइड हा वायू त्यासाठी सोयीचा ठरतो. तो जवळजवळ पूर्णपणे मानवनिर्मित असून मुख्यत्वे उत्तर गोलार्धात हवेत सोडला जातो आणि दीर्घकाळ टिकतो. उत्तरेकडील हवा विषुववृत्त ओलांडून दक्षिणेत मिसळण्यास साधारणतः एक वर्ष लागते. प्रतिमानातील हा वायू दक्षिणेकडील केंद्रांवर फार लवकर वा फार उशिरा पोहोचला, तर प्रतिमानाच्या वाऱ्यात चूक आहे हे उघड होते.

साक्ष कशी पटली

२०१८ साली शास्त्रज्ञांनी एक चिंताजनक निष्कर्ष प्रसिद्ध केला. क्लोरोफ्लुरोकार्बन-११ चे प्रमाण घटत होते खरे, परंतु २०१२ नंतर घटीचा वेग सुमारे निम्म्याने मंदावला होता. येथे उदबत्तीचाच प्रश्न उभा राहिला : कोणी वायू नव्याने सोडू लागले होते, की स्थितांबर व खालची हवा यांच्यातील देवघेव बदलली होती? प्रतिमानांनी उत्तर दिले, की हवेच्या अभिसरणातील बदलामुळे काही फरक पडतो, मात्र संपूर्ण घटनेचा उलगडा त्याने होत नाही. शिवाय उत्तर व दक्षिण गोलार्धांतील प्रमाणांचा फरकही वाढला होता. नवा उगम उत्तरेकडे असल्याचे ते चिन्ह होते.

पुढील शोध दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरील गोसान आणि जपानच्या हातेरुमा बेटावरील केंद्रांच्या नोंदींवरून झाला. तेथे मापलेल्या हवेतून हजारो काल्पनिक कण संगणकात मागे सोडले गेले. वाऱ्याच्या उलट दिशेने ते कोणकोणत्या भूमीवरून आले, हे पाहिले गेले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार पूर्व चीनमधून होणारे उत्सर्जन वर्षाला सुमारे ७,००० टनांनी वाढले होते आणि ही वाढ प्रामुख्याने शांतुंग व हपै या प्रांतांतील होती. चार निरनिराळ्या गणनापद्धतींचे निष्कर्ष परस्परांशी जुळले. एकाच प्रतिमानाची चूक निर्णयात येऊ नये, हा त्यामागील हेतू होता.

२०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत शुभवार्ता होती. २०१९ पर्यंत जागतिक उत्सर्जन पुष्कळ घटले होते आणि पूर्व चीनमधील उत्सर्जनही २०१३ पूर्वीच्या पातळीवर आले होते. ओझोनच्या थराची भरून येणारी जखम दीर्घकाळ रेंगाळण्याचा धोका त्यामुळे टळला.

या यशाला एक मर्यादाही आहे. जागतिक वाढीचा एक मोठा भाग कोठून आला होता, हे नेमके सांगता आले नाही. पृथ्वीचे विस्तीर्ण प्रदेश मापनकेंद्रांच्या दृष्टिपथाबाहेर आहेत. जेथे मापन नाही, तेथे उत्कृष्ट प्रतिमानही मूक राहते. करार लिहिणारी लेखणी, हवा मापणारे उपकरण आणि वाऱ्याचा हिशेब ठेवणारा संगणक या तिघांची साथ असेल, तेव्हाच आकाशाची राखण होते.