पीलच्या किल्ल्यांतील काळा कुत्रा

पडक्या वाड्यांत ‘कांहीं तरी आहे’ असें ऐकून दिवेलागणीनंतर लांबच्या वाटेनें घरीं जाणारे आपल्यांत थोडेथोडके नाहींत. त्यांच्यासाठीं आज एका दूरच्या बेटावरील अशाच जागेची हकीकत सांगतों.

इंग्लंड व आयर्लंड यांच्या मधील समुद्रांत मॅन नांवाचें एक लहान बेट आहे. त्याच्या पश्चिम किनाऱ्यास पील गांवाजवळ एक पडका किल्ला असून त्यांत एका प्राचीन ख्रिस्तमंदिराच्या भिंती उभ्या आहेत. येथें एका काळ्या कुत्र्याचें भूत वावरतें, अशी आख्यायिका आहे.

ती अशी : दुसऱ्या चार्ल्स राजाच्या कारकीर्दींत (१६६० ते १६८५) किल्ल्यांत शिपायांचें ठाणें होतें. रोज दिवे लागले कीं एक काळा, झिपरा कुत्रा पहाऱ्याच्या खोलींत येऊन शेगडीपुढें बसे व पहाटे निघून जाई. त्याच्या धाकानें शिपाई शिव्याशाप देईनासे झाले. रात्रीं दरवाजे लावल्यावर किल्ल्या मंदिरालगतच्या बोळांतून नायकाकडे पोंचवाव्या लागत. तेथें एकट्यानें जाण्यास कोणी धजेना. दोघे मिळून जात. एके रात्रीं मद्यानें झिंगलेला एक शिपाई, सोबती नको म्हणत असतां, किल्ल्या घेऊन एकटाच गेला. थोड्या वेळानें मोठा गलका ऐकूं आला. पण बाहेर जाऊन पाहण्याचें धैर्य कोणास झालें नाहीं. तो परतला तेव्हां त्याची वाचा गेलेली होती. तिसऱ्या दिवशीं तो मरण पावला. पुढें तो बोळ बुजविण्यांत आला.

आतां ही गोष्ट तपासूं या. ती जॉर्ज वॉल्ड्रन यांच्या पुस्तकांत छापून आली १७३१ सालीं. म्हणजे त्या राजाच्या मृत्यूनंतर ४६ वर्षांनीं. वॉल्ड्रननीं तो लांब केसांचा स्पॅनियल जातीचा कुत्रा म्हटला आहे; सर वॉल्टर स्कॉट यांच्या १८२३ च्या कादंबरींत तोच धिप्पाड मॅस्टिफ झाला! १८७१ सालीं मंदिरांत खोदकाम होतां १२४७ मध्यें वारलेल्या सायमन नामक बिशपांच्या अस्थि सांपडल्या. त्यांच्या पायांशीं कुत्र्याचीं हाडें होतीं. लोकांनीं तींही गोष्टीस जोडलीं. परंतु बिशपांच्या पायांशीं कुत्रा पुरलेला होता, एवढेंच त्या हाडांवरून कळतें. तो रात्रीं उठून हिंडे, हें कळत नाहीं. तोंडोतोंडीं गोष्ट अशी वाढत जाते.

पण मला त्या कुत्र्यापेक्षां ते शिपाई अधिक विचार करण्याजोगे वाटतात. भीतीनें त्यांच्या तोंडच्या शिव्या थांबल्या खऱ्या. परंतु मद्य पोटांत जातांच एकाचा तो धाक उडाला. आणि त्याच भीतीनें इतरांचे पाय असे बांधले कीं, आपला सोबती पलीकडे संकटांत आहे हें कळूनही एकानेंही दिवा उचलला नाहीं. भूत होतें कीं नव्हतें, हें कोण सांगणार? पण तो मनुष्य बोळांत एकटा होता, हें मात्र गोष्टच सांगते.

म्हणून मुलांनो, अशी गोष्ट कोणी सांगितली तर ती आवडीनें ऐका. मग कोणीं पाहिलें, केव्हां पाहिलें, कोणीं लिहून ठेविलें, हें नम्रपणें विचारा. आणि अंधारांतून कोणाची हांक आली, तर आधीं कंदील उचला.