बॅटचं लाकूड सोलवटू नये म्हणून: टेबल टेनिस ब्लेडचं सीलिंग

टेबल टेनिसच्या बॅटला रबर बसवून द्यायचं काम घेणार असाल तर आधी सीलिंग शिका. जुनं रबर ओढताना लाकडी ब्लेडच्या वरच्या थराचे तंतू निघाले, की गिऱ्हाईकाचं महागडं ब्लेड तुमच्या गळ्यात! हिनोकी, लिंबासारख्या लाकडाला हा धोका जास्त.

४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं लाकडाच्या रेषांच्या दिशेनं हलकं घासा, धूळ पुसा. वॉटर-बेस्ड पॉलियुरेथेन वार्निश सुती फडक्यावर थोडंसंच घेऊन एकच पातळ हात मारा. जाड थरानं बॅट कडक लागते, आणि खेळणाऱ्याला ते लगेच कळतं. मूठ कोरीच ठेवा, तिथे घाम शोषला जायला हवा. रात्रभर वाळू द्या. आजच हवी म्हणणाऱ्याला सरळ नाही सांगा. आणि हो, सीलिंगसाठी परवानगी आधी घ्यायची, पैसे वेगळे लावायचे.