जुन्या वस्त्रांची नवी शोभा : गोधडीपासून गृहसजावटीकडे

अंगावरून उतरलेले वस्त्र म्हणजे टाकून द्यावयाची वस्तू, ही समजूत महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनात पूर्वी नव्हती. लुगडे विरले की त्याच्या धड भागाचे परकर-पोलके होई, परकर फाटला की बाळाचे दुपटे होई आणि उरलेल्या चिंध्या गोधडीच्या पोटात जात. स्वच्छतेचा मंत्र खेडोपाडी पोहोचविणाऱ्या गाडगेबाबांना (१८७६-१९५६) त्यांच्या ठिगळांच्या वेषामुळे लोक ‘गोधडे महाराज’ही म्हणत. ठिगळ लावणे हे दैन्याचे नव्हे, तर वस्तूचा मान राखण्याचे लक्षण होय, हा संस्कार या मातीत जुना आहे.

आज परिस्थिती पालटली आहे. सुती नऊवारीची जागा बव्हंशी कृत्रिम धाग्यांच्या साड्यांनी घेतली. जुने कपडे बोहारणीला देऊन भांडे घ्यावे, हा व्यवहारही अनेक गावांतून कमी होत चालला आहे. परिणामी जीर्ण कापड उकिरड्यावर जाते व पुष्कळदा तेथेच जाळले जाते. कृत्रिम धागा जळताना निघणारा धूर आरोग्यास अपायकारक असतो, हे ध्यानात घेतले जात नाही. दुसरीकडे, घर सजविण्यासाठी बाजारातून प्लास्टिकची फुले व तोरणे विकत आणली जातात. घरातील वस्त्र जाळावयाचे आणि बाहेरील प्लास्टिक घरात आणावयाचे, हा उलटा व्यवहार थांबविण्याचा एक मार्ग गोधडीच्या जुन्या विद्येत आहे.

गोधडीचे स्वरूप

गोधडीलाच काही भागांत ‘वाकळ’ म्हणतात. बंगालमधील कांथा, बिहारमधील सुजनी आणि कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात राहणाऱ्या सिद्दी स्त्रियांची कवंद ही तिचीच भावंडे होत. जुन्या कापडाचे थर एकावर एक ठेवून साध्या धावदोऱ्याने जोडणे, हे या सर्वांचे समान तत्त्व आहे. सिद्दी स्त्रिया कवंदीच्या कोपऱ्यांवर लहान रंगीत ‘फुले’ लावतात. त्यांवाचून कवंद उघडी राहिली, असे त्या मानतात.

नऊवारी लुगड्याची लांबी सुमारे सव्वाआठ मीटर असते. त्याची चार पदरी घडी घातली असता सुमारे दोन मीटर लांबीची, एका माणसास पुरेल अशी गोधडी सिद्ध होते. आजीचे लुगडे असे गोधडीत आले की नातवंडांना तिची ऊब मिळत राहते. ही शोभा बाजारात विकत मिळत नाही, कारण तिच्यात त्या घराचा इतिहास असतो.

कापडाची पारख

कामास प्रारंभ करण्यापूर्वी कापड सुती आहे किंवा नाही हे पाहावे. त्यासाठी एक धागा काढून चिमट्यात धरून जाळावा. सुती धागा कागदासारखा जळतो व त्याची मऊ राख होते. कृत्रिम धागा वितळतो व त्याची कठीण गोळी बनते. सुती कापड घाम व ओल शोषते, म्हणून अंथरूण-पांघरुणास ते उत्तम. कृत्रिम कापड सुईखाली निसटते. ते पिशव्या किंवा भिंतीवरील शोभेच्या पट्ट्यांसाठी वेगळे ठेवावे.

कापड गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे. नंतर ते उजेडासमोर धरावे. जेथून उजेड आरपार दिसतो तो भाग विरलेला समजून आतल्या थरात घालावा. काठ आणि पदर हे लुगड्याचे सर्वांत टिकाऊ व देखणे भाग. ते कडेसाठी जपून ठेवावेत. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग उतरतो का, हेही पाहावे.

निसर्गातील रंग

पिवळट पडलेल्या धोतरास घरच्या घरी रंग देता येतो. एक किलो कोरड्या कापडास सुमारे शंभर ते दीडशे ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात कापड रात्रभर भिजवावे. डाळिंबाच्या वाळलेल्या साली रात्रभर भिजवून तासभर उकळल्या व पाणी गाळून घेतले की पिवळा रंग मिळतो. झेंडूच्या फुलांचा पिवळा रंग अधिक उजळ असतो. काळ्या रंगासाठी कापडास प्रथम हरड्याचे पाणी द्यावे. नंतर लोखंडाचे गंजके तुकडे गुळाच्या पाण्यात सुमारे दोन आठवडे आंबवून तयार केलेल्या द्रवात ते बुडवावे. मात्र हा द्रव तीव्र झाल्यास धागा कुजतो, म्हणून तो पातळ करूनच वापरावा आणि कापड लगेच स्वच्छ धुवावे. रंगकामाची भांडी स्वयंपाकास वापरू नयेत.

शिवणीची कृती

नवशिक्यांनी एकदम मोठी गोधडी हाती घेऊ नये. ६० सेंटिमीटर चौरस आसनापासून आरंभ करावा. सपाट जमिनीवर खालचे धड कापड ताणून पसरावे व चार कोपऱ्यांवर दगड ठेवावेत. त्यावर जुन्या तुकड्यांचे तीन-चार थर द्यावेत. वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ देऊ नये, अन्यथा तेथे गाठ येऊन सुई अडते. सर्वांत वर चांगले कापड घालून मध्यापासून कडेकडे लांब कच्चे टाके मारावेत. त्यानंतर कडा दुमडून काठाची पट्टी लावावी आणि जाड सुती दोऱ्याने कडेपासून आत, चौकोनामागून चौकोन असा धावदोरा घालीत मध्यभागी यावे. दोन ओळींत बोटभर अंतर पुरे. काम संपल्यावर कच्चे टाके उसवावेत.

हीच रीत वापरून उशीचे अभ्रे, दाराचे तोरण व भिंतीवरील पट तयार करता येतात. पटाच्या मागे वरच्या कडेस कापडी नळी शिवून तिच्यात बांबूची काठी ओवली की तो सरळ लोंबतो.

जपावयाची मर्यादा

जुने ते वापरावे. परंतु जे पूज्य वा दुर्मिळ आहे ते मोडू नये. वारली समाजात गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी लग्नाचा चौक लिहितात व त्यात पालघाट देवीची स्थापना होते. पद्मश्री जिव्या सोमा म्हसे (१९३४-२०१८) यांच्यामुळे ही चित्रकला जगभर पोहोचली. तथापि, देवीचा चौक पायपुसण्यावर उतरविणे उचित नव्हे. त्याचप्रमाणे वृद्ध स्त्रियांनी हाताने शिवलेल्या अखंड गोधड्या स्वस्तात विकत घेऊन, त्या कापून त्यांचे अभ्रे करणे म्हणजे कलेचा ठेवा मोडून त्याचे तुकडे विकणे होय.

श्रमाचे मोल

कापड फुकट म्हणून वस्तूही स्वस्त, असा गैरसमज या कामात स्त्रियांचे सर्वाधिक नुकसान करतो. समजा, एका आसनास बारा तास लागले आणि ताशी मोबदला ५० रुपये धरला, तर मजुरीच ६०० रुपये होते. दोरा, धुलाई व रंग यांचे ६० रुपये मिळविल्यास खर्च ६६० रुपयांवर जातो. हे आसन ३०० रुपयांस विकणारी स्त्री नफा मिळवीत नाही, तर आपल्या दिवसाच्या श्रमातून ग्राहकास देणगी देते. यास्तव प्रत्येक बचत गटाने कामाच्या तासांची वही ठेवणे आवश्यक आहे.

शाळा व ग्रामपंचायतींचे कार्य

शिक्षकांना या विषयाचा कार्यानुभवात उत्तम उपयोग करता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याने घरातून एक तुकडा आणावा, तो कोणाच्या वस्त्राचा हे घरी विचारून वहीत लिहावे, आणि सर्व तुकडे जोडून वर्गाचा पट करावा. मुलींबरोबर मुलांनीही सुई हाती घ्यावी. शिकविण्यासाठी गावातील जाणत्या आजीबाईंनाच सन्मानाने पाचारण करावे.

ग्रामपंचायतींनी सुके, स्वच्छ सुती कापड कचऱ्यातून वेगळे गोळा करण्याची व्यवस्था करावी, कापड जाळण्यास प्रतिबंध करावा आणि समाजमंदिरातील जागा आठवड्यातून एक दिवस या कामास द्यावी. राज्यात २०११ साली सुरू झालेल्या ‘उमेद’ अभियानाशी जोडलेल्या बचत गटांना हा जोडधंदा हाती घेता येण्यासारखा आहे.

गोधडी शिवू जाणणारे हात आज बहुतेक घरांत सर्वांत वृद्ध हात आहेत. त्यांची विद्या कोणत्याही ग्रंथात पुरती उतरलेली नाही. ती शेजारी बसून पाहिल्यानेच येते. गावोगावच्या शाळांनी आणि पंचायतींनी अशा आजींचा शोध याच वर्षी घ्यावा. लुगडी पुन्हा मिळतील, टाका घालणारा हात मात्र एकदा गेला की परत मिळत नाही.